गोलंदाज बाळू पालवणकर

सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या अधिकाऱ्यांचा पूना क्लब नावाचा एक क्लब होता. सकाळी साहेब लोक खेळावयास येण्यापूर्वी सोळा-सतरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा त्या क्लबाच्या मैदानावर हजर असे. जड रूळ ओढून तो खेळपट्टी सपाट करी, चुन्याने रेषा आखी, खांब रोवून सरावाची जाळी बांधी. गरज पडल्यास टेनिसचे मैदानही तोच आखून देई. या कामाबद्दल त्याला महिना चार रुपये मिळत. त्या मुलाचे नाव होते बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. हे घराणे चांभार समाजातील होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे, देवळाची पायरी चढता येत नसे. शाळेत गेलेच, तर मुलाला दूर बसावे लागे. आज ही गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही. परंतु ती तशीच होती, आणि बाळूच्या साऱ्या आयुष्यावर तिची छाया पडलेली आहे.

लष्करातील अधिकारी झिजलेल्या बॅटी आणि शिवण उसवलेले चेंडू टाकून देत. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांनी हेच टाकाऊ सामान गोळा केले व त्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरविले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूला लवकरच पोटामागे लागावे लागले. प्रथम तो पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात लागला. मैदान झाडणे, रूळ ओढणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे हे त्याचे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास पूना क्लबात त्याला एक रुपया अधिक मिळू लागला, म्हणून तो तेथे गेला.

पूना क्लबात बाळूच्या कामात आणखी एका कामाची भर पडली, आणि तेच त्याच्या भाग्याचे ठरले. सभासद जाळीत फलंदाजीचा सराव करीत, त्या वेळी त्यांना चेंडू टाकावयास कोणीतरी हवे असे. ऊन डोक्यावर घेऊन तासन् तास चेंडू टाकीत राहण्याची हौस साहेबांना नव्हती. फलंदाजी हा मालकाचा खेळ आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी, अशीच तेथील समजूत होती. बाळूने त्या क्लबात असंख्य चेंडू टाकले, पण बॅट हाती घेऊन यष्टीपुढे उभे राहण्यास त्याला कोणी सांगितले नाही. आम्ही धाराशिवला लहानपणी खो-खो खेळत असू, तेव्हा मैदानावर फक्कीने रेघा ओढणारा मुलगाच डाव सुरू झाला की त्या रेघांतून धावताना दिसे. रेघ ओढणारा वेगळा आणि खेळणारा वेगळा, ही कल्पना आमच्या मनाला कधी शिवली नाही. म्हणून बाळूची ही हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा मला तिचे फार नवल वाटले.

क्लबाच्या सभासदांत कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला गमतीने जंगली म्हणत. पुढे उतारवयात हा माणूस लष्कर सोडून ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. परंतु त्या वेळी त्याला क्रिकेटखेरीज दुसरे काही सुचत नसे. इतर सभासद येण्याच्या आधी तास-दीड तास तो एकट्या बाळूकडून चेंडू टाकवून घेई. असे सांगतात, की बाळूने आपल्याला बाद केले, की ग्रेग दर वेळी त्याला आठ आणे बक्षीस देई. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केले, की महिन्याच्या पगाराइतकी रक्कम पदरात पडे! हा हिशेब बाळूच्या ध्यानात आला नसेल, असे मला वाटत नाही.

बाळू डावखुरा होता व तो चेंडू संथ गतीने टाकी. संथ चेंडू खेळणे सोपे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. चेंडू बोटांनी फिरवून हवेत सोडला, की तो टप्पा पडताच दिशा बदलतो. डावखुऱ्या गोलंदाजाचा असा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर जातो, आणि त्यामागे धावणारी बॅट फसते. बाळू कधी चेंडू उंच सोडी, कधी थोडा सपाट. कधी तोच टप्पा ठेवून गती मात्र किंचित बदली. हात तसाच फिरताना दिसे, पण चेंडू निराळा येई. हे कौशल्य त्याला कोणत्याही शिक्षकाने शिकविले नव्हते. उत्तम फलंदाजासमोर रोज, वर्षानुवर्षे चेंडू टाकीत राहिल्यानेच ते त्याच्या अंगी आले होते.

पुण्यातील हिंदू खेळाडूंचाही एक क्लब होता. गोऱ्या साहेबांना त्यांच्याच खेळात हरवावे, अशी त्या मंडळींची फार इच्छा होती. त्यासाठी चांगला गोलंदाज हवा होता, आणि शहरातील सर्वांत चांगला गोलंदाज साहेबांच्या मैदानावर रूळ ओढीत होता. बाळूला संघात घ्यावे की न घ्यावे, यावर मोठा वाद माजला. काहींचे म्हणणे असे, की गुण पाहावा, जात पाहू नये. काहींना धर्म बुडेल असे भय वाटले. अखेर जिंकण्याची इच्छा भयापेक्षा मोठी ठरली व बाळूला संघात घेण्यात आले.

परंतु संघात घेतले म्हणजे सारे झाले असे नव्हे. मैदानावर बाळूने टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तेथून क्षेत्ररक्षकांच्या हाती, आणि फिरून बाळूकडे येई. तो चेंडू चामड्याचा असे. त्याचा विटाळ कोणाला होत नसे. पण चहाची वेळ झाली, की सारे बदले. इतर खेळाडू तंबूत बसून कपबशीतून चहा घेत. बाळूला बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा लागे. ते भांडे मागाहून फेकून देत. जेवणही त्याला वेगळ्या जागी, वेगळ्या ताटात मिळे. तोंड धुवावयाचे झाल्यास त्याच्याच समाजाचा एखादा गडी मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून देई. थोड्या वेळाने पंच मैदानात उतरत, आणि तोच बाळू पुन्हा त्याच मंडळींसाठी गडी बाद करू लागे.

बाळूच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्या संघाला नमविले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध झालेल्या सामन्याची तर एक मजेदार हकीकत सांगतात. बाळूचा चेंडू वळू नये म्हणून तेथील मंडळींनी कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी अगदी टणक करून ठेविली होती. पण रूळ आणि खेळपट्टी यांचे नाते बाळूपेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार! त्याने त्याही खेळपट्टीवर गडी बाद केले व पुण्याचा संघ जिंकून परत आला.

एकोणिसावे शतक संपत आले असता मुंबई-पुण्यावर प्लेगचे संकट कोसळले. त्या धामधुमीत बाळूने पुणे सोडले आणि तो मुंबईस आला. मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी १८९४ साली हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. तेथेही बाळूला घेण्यावरून तोच जुना वाद उठला. मात्र जिमखान्याच्या संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला, म्हणून विरोध मावळला. बाळू पालवणकर आता मुंबईच्या मैदानावर सर्वांच्या परिचयाचे झाले. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे कंपनीत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीत, त्यांना नोकरी मिळाली व ते कंपनीच्या संघातूनही खेळू लागले.

येथे थोडे इंग्लंडकडे वळू. तुमच्यापैकी पुष्कळ जण दूरदर्शनवर इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने पाहत असतील. तेथील मँचेस्टर युनायटेड हा प्रसिद्ध क्लब १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यातील कामगारांनी काढला. त्याचे पहिले नाव न्यूटन हीथ असे होते. १९०२ साली त्याला आजचे नाव मिळाले. लंडनचा आर्सेनल हा क्लब १८८६ साली वुलिच येथील तोफा व दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला. त्या देशात १८८५ साली फुटबॉलपटूला उघडपणे वेतन देण्यास मान्यता मिळाली, आणि मजुराचा मुलगा खेळावर पोट भरू लागला. तेथील क्रिकेटमध्ये मात्र पगारी खेळाडू आणि हौशी खेळाडू असा भेद कितीतरी वर्षे टिकून राहिला. मैदानात उतरण्याचे दरवाजे देखील पुष्कळ ठिकाणी निराळे असत. कर्णधारपद बहुधा हौशी, सधन खेळाडूकडे जाई. हा भेद नियमातून नाहीसा होण्यास १९६२ साल उजाडावे लागले. म्हणजे मजुरी घेऊन खेळणाऱ्याला दुय्यम लेखण्याची रीत खुद्द इंग्लंडातच होती. बाळूंच्या वाट्याला ती रीत तर आलीच, आणि शिवाय जातीचा भेदही आला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. वंगभंगामुळे देशात स्वदेशीची चळवळ पेटलेली होती. सामना पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ आणि १०२ झाल्या. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि त्यांचा भाऊ शिवरामही संघात होता. या सुमारास मुंबईच्या जिमखान्यात इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसून खाण्यापिण्याची मोकळीक पालवणकर बंधूंना मिळाली. पुण्याचे मातीचे भांडे ज्याने पाहिले, त्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

१९११ साली भारताचा एक संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग संघाचे प्रमुख होते. संघात हिंदू, मुसलमान, पारशी व शीख असे सर्व खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली होती. बाळूंचे वय या वेळी पस्तीस होते व त्यांचा खांदा दुखू लागला होता. महाराजा थोडेच सामने खेळले. मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच त्यांचा बहुतेक वेळ गेला. संघ एकूण तेवीस सामने खेळला. त्यांपैकी सहा जिंकला आणि पंधरा हरला. फलंदाजी कच्ची पडत होती. अशा दुबळ्या संघात एकटे बाळू दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावा देऊन त्यांनी आठ गडी बाद केले. सॉमरसेट परगण्याविरुद्ध भारतीय संघाने केवळ एक गडी राखून विजय मिळविला. त्या सामन्यात शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या. इंग्लंडातील जाणकारांनी बाळूंची गोलंदाजी फार वाखाणली. तेथील काही परगण्यांच्या क्लबांना त्यांनी पगारी खेळाडू म्हणून इंग्लंडातच राहावे असे वाटत होते, असे सांगतात. ते राहिले असते, तर त्यांना पैसा बराच मिळाला असता. परंतु ते परत आले.

मुंबईत दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. गावोगावी ज्यांना सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्यातील एक माणूस विलायतेस जाऊन साहेबांच्या यष्ट्या उडवून आला होता. त्या दिवशी त्या सभेतील मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करून पाहा.

आता एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. वयाने, अनुभवाने आणि कर्तबगारीने बाळू हिंदू संघात सर्वांत श्रेष्ठ होते. तरीही त्यांना कर्णधार करण्यात आले नाही. एक-दोन वर्षे नव्हे, दरवर्षी निवड समिती बसे आणि दरवर्षी दुसरेच नाव जाहीर होई. गडी बाद करण्यास जो हात चालतो, त्याच हाताच्या इशाऱ्यावर उभे राहण्यास उच्चवर्णीय मंडळी तयार नव्हती. १९१३ साली एम. डी. पै यांना कर्णधारपद मिळाले, तेव्हा त्यांनी सत्काराच्या प्रसंगी मनाचा मोठेपणा दाखविला. हा मान खरा बाळूंचा होता, असे त्यांनी भर सभेत सांगितले. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. पण पुढील वर्षीही बाळू कर्णधार झाले नाहीत.

या वेळेपर्यंत शिवरामखेरीज गणपत आणि विठ्ठल हे धाकटे बंधूही संघात आले होते. चारही भाऊ एकाच संघातून खेळत. विठ्ठल हा फलंदाज म्हणून फार नावाजला. १९२० साली गोष्ट अगदी हातघाईवर आली. त्या वर्षीच्या सामन्यांसाठी बाळूंना प्रथम संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडल्याने कर्णधाराची जागा रिकामी झाली, परंतु ती विठ्ठल किंवा शिवराम यांना न देता दि. ब. देवधर यांना देण्यात आली. देवधर हेही मोठ्या योग्यतेचे खेळाडू होते, यात शंका नाही. परंतु पालवणकर बंधू त्यांच्याहून अनुभवी होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी आपली नावे मागे घेतली. आपण अस्पृश्य म्हणूनच डावलले जात आहोत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यावर वृत्तपत्रांत चर्चा झाली व लोकमत ढवळून निघाले. पुढच्या सामन्यात पै परत आले, दोघे भाऊही परत आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर राहिले, आणि तेवढ्यापुरती संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. बाळूंचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते इतकेच.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरविले, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून मिरविले. त्या खांद्यांत सर्व जातींचे खांदे होते. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

खेळणे थांबविल्यावर बाळू समाजकार्यात पडले. दलितांचे हक्क कोणत्या मार्गाने मिळवावेत, याविषयी त्या काळी दोन मते होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, तेव्हा तडजोड होऊन २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे, आणि बाळू पालवणकरांचीही आहे. १९३७च्या निवडणुकीत मात्र ही दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहिली. मुंबई विधिमंडळाच्या एका जागेसाठी काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उमेदवारी दिली. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या मैदानावर आपला हात चालतो ते हे नव्हे, हे बाळूंना त्या दिवशी उमगले असावे.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. हा आकडा आजच्या मानाने लहान दिसेल, कारण त्या काळी असे सामने वर्षाकाठी मोजकेच होत. पूना क्लबाच्या जाळीत टाकलेल्या चेंडूंचा हिशेब तर कोणत्याच वहीत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यापूर्वी पाच वर्षे स्वतंत्र भारताची राज्यघटना अमलात आली होती व तिने अस्पृश्यता नष्ट केली होती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले.